नऊ कादंबऱ्यांची पोच

आमच्या गल्लीत बरीच वर्षं असा समज होता की मी द्राक्षांचा जोडधंदा करते. दर उन्हाळ्यात रिक्षावाला दारात चार-पाच खोकी उतरवायचा. खोक्यांवर द्राक्षांचे घोस छापलेले असायचे. शेजारच्या माजी सुभेदारांच्या सौभाग्यवती गॅलरीतून विचारायच्या, "बाई, यंदा गोड हायत का?" मी खरं तेच सांगायचे. "थोडी गोड आहेत, बरीचशी आंबट आहेत, दोन-तीन नासकी निघतील."

खोक्यांत पुस्तकं असायची. साताऱ्यातलं एक जुनं वाचनालय सातारा-सांगलीकडच्या लेखकांना दरवर्षी पुरस्कार देतं, आणि त्यातल्या कादंबरी विभागाची मी परीक्षक. मी कॉलेजात मराठी शिकवलं, पण त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. तिथे मुलांना मार्क हवे असायचे आणि मी ते देत होते. परीक्षकाचं काम मात्र नोकरी सुटल्यावरही सुटलं नाही. वाचनालयाकडे चांगली खोकी नसत, म्हणून तासगावकडून येणारी द्राक्षांची रिकामी खोकी वापरायचे. त्यामुळे कुठलीही कादंबरी उघडली की आधी गोडसर, आंबूस वास यायचा, आणि मग कादंबरी सुरू व्हायची.

या कामाबद्दल लोकांचे भलतेच गैरसमज असतात. परीक्षक म्हणजे सोफ्यावर बसून चहा पीत पुस्तकं चाळणारा माणूस, असं वाटतं. प्रत्यक्षात हे काम धान्य निवडण्यासारखं आहे, मान मोडून करायचं. आम्ही तिघं परीक्षक. प्रत्येकानं प्रत्येक पुस्तकाला शंभरपैकी गुण द्यायचे, तिघांची बेरीज करायची, ज्याची जास्त त्याला पुरस्कार. दोन नियम कडक होते. लेखकाशी संबंध ठेवायचा नाही, आणि आपलं मत त्याला कधी कळवायचं नाही. पुरस्कार मिळाला तर लेखकाला निमंत्रण जायचं. नाही मिळाला तर काहीच जायचं नाही, साधी पोचसुद्धा नाही.

पहिला नियम पाळणं फार अवघड. एक गृहस्थ आपली ऐतिहासिक कादंबरी पाठवून थांबले नाहीत, मागोमाग बेदाण्याचा डबाही घेऊन आले. मी डबा परत केला तेव्हा म्हणाले, "आवं, कादंबरी न्हाई आवडली तर न्हाई आवडली, बेदाण्यानं काय घोडं मारलंय?" एक निवृत्त फौजी तर व्हरांड्यात ताठ उभे राहून म्हणाले, "निकालाची तारीख सांगा मॅडम, युनिफॉर्ममधी हजर हुतो." त्यांना बसायला सांगितलं तर बसले नाहीत. अशांची मला गंमत वाटायची आणि वाईटही वाटायचं. माणसं आपलं काळीज कागदात गुंडाळून आमच्याकडे पाठवायची आणि आम्ही त्याला छप्पन्न गुण द्यायचो.

जालिंदर खांबे मात्र कधी आले नाहीत. त्यांनी फोन केला नाही, कुणाकरवी निरोप पाठवला नाही. आली ती फक्त त्यांची पुस्तकं, नऊ कादंबऱ्या. सगळ्या विज्ञान कादंबऱ्या, सगळ्या स्वतःच छापलेल्या, आणि एकीचा तोंडवळा दुसरीसारखा नाही. मलपृष्ठावर एवढंच असायचं की लेखक सैन्यात वायरलेसवर होते, निवृत्त हवालदार, सध्या तासगावजवळ वास्तव्य.

हा माणूस परीक्षकाचा छळ होता. 'गाव निघालं' या त्यांच्या पहिल्या कादंबरीत एक अख्खं गाव जमिनीसकट उचलून अवकाशात नेलेलं आहे, आणि तिथे, जिथे ना पाऊस ना पाणी, भावाभावांत बांधावरून भांडण चालू आहे. पहिली शंभर पानं मी खुर्चीवरून हलले नाही. नंतर गावाचं इंजिन बिघडतं आणि लेखक ते आपल्याला समजावून सांगायला बसतो. ते इंजिन सव्वाशे पानं दुरुस्त होत नाही. दुसऱ्या एका कादंबरीत परग्रहावरचे लोक आहेत आणि ते शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे बोलतात. त्यातच मध्ये अकरा पानांचं एक प्रकरण असं आहे की वाचून झाल्यावर मी उठून अंगणात गेले आणि उगाच उभी राहिले.

अशा माणसाला गुण कसे द्यायचे? सरळ, गुळगुळीत, कुठे न खटकणारी कादंबरी असते. तिला तिघंही साठ-पासष्ट देतात आणि ती निवांत पहिली येते. खांब्यांना मी नव्वद द्यायचे आणि बाकीचे दोघं तीस. बेरीज केली की दीडशे, म्हणजे सरासरी पन्नास. त्यांच्या कुठल्याही कादंबरीत पन्नास गुणांचं एक पानसुद्धा नव्हतं. आमच्या पद्धतीत मात्र त्यांची बेरीज बहुतेकदा तीच यायची.

तिसरी कादंबरी होती 'बर्फातली पाळी'. एका बर्फाळ ग्रहावर एक चौकी, तिथे एकटा वायरलेस ऑपरेटर. त्याची पाळी संपत आली आहे आणि त्याच्या जागी येणारा माणूस वाटेत आहे. दोघं वायरलेसवर बोलतात. कादंबरीत निवेदन नाहीच, फक्त हे बोलणं. तांदूळ किती उरला, रॉकेल किती, तिथं झोप लागते का. हळूहळू वाचणाऱ्याच्या लक्षात येतं की येणारा माणूस म्हणजे तोच आहे, म्हातारा झालेला. त्याच्या स्वतःच्या मात्र ते शेवटपर्यंत लक्षात येत नाही. संपर्क तुटतो तिथे पानं कोरी सोडलेली आहेत. त्यातल्या एका कोऱ्या पानावर द्राक्षबागेच्या औषधाची जाहिरात होती. आमच्यातले एक परीक्षक बैठकीत म्हणाले, "बाजारानं माणसाची शांतता गिळली, हे त्यांनी फार सूचक दाखवलंय." एवढं म्हणून त्यांनी अठ्ठावीस गुण दिले. मी त्या दिवशी भांडले, आवाज चढवला, पण बेरीज बदलली नाही.

आणि सहावी, 'शनिकन्या'. शनीवरून एक बाई येते आणि बोलते. तीनशे पानं बोलते. दूध उतू का जातं, माणसं खोटं का बोलतात, पाहुण्यांनी किती दिवस राहावं. तिच्या बोलण्याला ना आगा ना पिछा. मी शेरा लिहिला होता, "नायिका जिवंत वाटत नाही. छापायला नको होती." यावेळी मात्र आम्हा तिघांचं एकमत झालं.

दोन वर्षांपूर्वी वाचनालयाचे कार्यवाह शेटे सरांचा फोन आला. शेटे सर मोठे उत्साही आणि मायाळू, गेली वीस वर्षं तेच सूत्रसंचालन करतात. "बाई, खांबे आजारी आहेत म्हणे. हृदयाचं दुखणं. त्यांना समग्र साहित्यासाठी सन्मान द्यायचं ठरतंय. मानपत्र तुम्ही लिहा. सगळी पुस्तकं वाचलेलं तुमच्याशिवाय कोण आहे?"

समग्र साहित्याचा सन्मान हा काय प्रकार असतो, ते सांगते. एका पुस्तकाला पुरस्कार द्यायचा तर ते वाचावं लागतं आणि बाकीच्यांपेक्षा ते चांगलं का, हे भांडून सांगावं लागतं. समग्रला यातलं काही लागत नाही. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्राचीही एक रीत असते. त्यात लेखक 'चौफेर' असतो, त्याची लेखणी 'समर्थ' असते, आणि नाव बदललं तर तेच मानपत्र पुढच्या वर्षी दुसऱ्याला चालतं. तरी मी होकार दिला. सन्मान ठरला म्हणजे स्पर्धा संपली, आता त्यांना भेटायला नियमाची आडकाठी नव्हती. कराडला गाडी बदलून मी तासगावला गेले.

खांबे बेदाण्याच्या शेडमध्ये भेटले. जाळ्यांच्या रॅकवर द्राक्षं वाळत घातली होती, आणि खाली खाटेवर एक हाडकुळा, उंच म्हातारा पाठीशी उशी घेऊन बसला होता. कानाला यंत्र होतं. शेजारी त्यांची सून अश्विनी बेदाणे पाखडत होती. वास माझ्या चांगला ओळखीचा होता. लिखाण सगळं इथंच झालं, असं त्यांनी सांगितलं. माल वाळेपर्यंत राखण करायची आणि लिहायचं.

मी कोऱ्या पानावरच्या जाहिरातीबद्दल विचारलं. ते एकदम उसळले. "आवं, तो छापखानेवाला! म्हनला, पान मोकळं ऱ्हायलंय, तुमचं नुकसान नगं म्हनून भरलं. मी त्येला मारायलाच गेलो हुतो."

मग शांत होऊन म्हणाले, "बाई, ह्यो सत्कार कंच्या पुस्तकाला म्हनायचा?"

"सगळ्यांना मिळून."

"म्हंजे कुनालाच न्हाई."

तेच पुढे म्हणाले, "मी फौजेत वायरलेसवर हुतो. निरोप धाडला की पलीकडनं दोनच गोष्टी येनार. रॉजर, न्हाईतर से अगेन. रॉजर म्हंजे पटलं असं न्हवं बरं का. शिवी दिली तरी रॉजरच. मिळालं, येवढंच. आन् से अगेन म्हंजे पुन्यांदा सांग. दोन्हीबी न्हाई आलं तर समजायचं पलीकडं मानूस न्हाई. मी नऊ निरोप धाडलं. नऊ! येक सुदीक पोच न्हाई. कुनी म्हनलं न्हाई की खांब्या, भिकार लिवलंयस."

"मामा, औषध घ्या," अश्विनी म्हणाली.

"ऱ्हाऊ दे गं. बाई, तुमी समदी वाचलासा म्हनं. मंग खरं लिवा. कंचं ऱ्हाईल, कंचं जाईल, नाव घिऊन लिवा. गोड बोलायला गावात लय मान्सं हायत."

मी लिहीन म्हणाले. तो शब्द मी विचार न करता दिला, आणि लगेच अश्विनीनं चहा ओतता ओतता सासूबाईंची आठवण काढली, "आत्याबाई असत्या तर सत्काराला लय नटल्या असत्या. त्या गेल्यावर मामांनी 'शनिकन्या' लिवली. अक्षी आत्याबाईच बघा त्या. त्यास्नी बोलायला लय लागायचं. दूध उतू गेलं तरी बोलत ऱ्हायच्या."

खांबे मान खाली घालून यंत्राशी चाळा करत होते. "ते माजं येक नंबरचं हाय," ते म्हणाले. "ते लिवताना मी रडलोय."

परतीच्या गाडीत मला फार उदास वाटलं. तीनशे पानं बोलणारी ती बाई कोण, हे आता मला कळलं होतं. घरी आल्यावर 'शनिकन्या' पुन्हा वाचली. मनापासून वाचली, आवडावी म्हणून वाचली. पुस्तक तसंच होतं. आमच्या कामातलं हे सगळ्यात वाईट सत्य आहे. लेखकाला काय झालं होतं ते एक, आणि पानावर काय उतरलं ते एक. आम्हाला पानावरचंच बघायचं असतं. रडत लिहिलेलं पुस्तक वाईट असू शकतं, आणि रडत लिहिलंय हे कळल्यानं ते चांगलं होत नाही.

मी मानपत्र खरं लिहिलं. 'बर्फातली पाळी'सारखं मराठीत मी दुसरं काही वाचलेलं नाही, असं लिहिलं. 'गाव निघालं'ची पहिली शंभर पानं आणि ते अकरा पानांचं प्रकरण राहील, असं लिहिलं. तीन कादंबऱ्या छापायला नको होत्या असंही लिहिलं, नावं घेऊन. 'शनिकन्ये'बद्दल लिहिलं, "हे प्रेम लेखकाजवळ आहे, पुस्तकात आलेलं नाही."

शेटे सरांनी ते वाचून फोन केला. "बाई, हे मानपत्र आहे, शवविच्छेदन नव्हे. मी जरा हात फिरवतो."

"खांब्यांनीच खरं मागितलंय."

"आजारी माणूस काहीही मागतो हो."

मला वाटलं, दोन-चार वाक्यं गाळतील. कार्यक्रमाच्या दिवशी खांबे येऊ शकले नाहीत, आदल्या दिवशीच त्यांना सांगलीच्या दवाखान्यात हलवलं होतं. अश्विनी आली होती. शेटे सरांनी भरल्या आवाजात मानपत्र वाचलं, त्यात लेखक चौफेर होता आणि लेखणी समर्थ होती. त्यातच पुढे होतं, "'शनिकन्या' ही तर त्यांची सर्वश्रेष्ठ कृती." त्यांच्या लक्षात राहिलेलं तेवढं एकच नाव होतं. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. अश्विनी मानपत्राची चौकट छातीशी धरून रडत होती. मी व्यासपीठावर बसून होते, आणि माझ्याही हातून टाळ्या वाजल्या.

दोन दिवसांनी मी सांगलीला गेले. पर्समध्ये मी लिहिलेल्या मानपत्राचा खर्डा होता. तो वाचून दाखवायचा की नाही, हे मी ठरवलेलं नव्हतं.

जनरल वॉर्ड. खांब्यांच्या नाकाला नळी होती, आणि उशाशी कपाटावर ती चौकट उभी केलेली. मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मला परत फिरावंसं वाटलं.

"बाई, शेडमधी तुमी कायबी कळू दिलं न्हाई की! शनिकन्या... येक नंबर... मी म्हनलोच हुतो." दम लागून ते थांबले. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "तुमीच लिवलंय न्हवं?"

त्यांच्या मागे अश्विनी उभी होती. ती डोळे मोठे करून मान हलवत होती. हो म्हणा, म्हणत होती. हो म्हणणं सोपं होतं आणि दयेचंही होतं. पण मी हो म्हटलं असतं तर त्या माणसाची नऊ पुस्तकं कुणी न वाचताच गेली असती. शेटे सरांनी तर ती उघडलीसुद्धा नव्हती. एकच माणूस वाचणारा होता, आणि तोही आता खोटं बोलणार?

"नाही," मी म्हणाले. "मी लिहिलेलं वेगळं आहे."

"काय?"

त्यांच्या कानाचं यंत्र काढून ठेवलेलं होतं. मी खर्डा काढला आणि मला तो ओरडून वाचावा लागला. अख्ख्या वॉर्डात बायका-माणसं डबे उघडून बसली होती, आणि त्या सगळ्यांसमोर मी ओरडून सांगत होते की अमुक कादंबरी राहील आणि तमुक छापायला नको होती. परग्रहावरचे लोक साहेबासारखे बोलतात, हे ऐकून खांबे चक्क हसले. 'बर्फातल्या पाळी'चं वाचलं तेव्हा डोळे मिटून पडून राहिले. मग 'शनिकन्ये'चं वाचलं. माझा आवाज तिथे खाली आला असावा.

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "से अगेन."

"'बर्फातली पाळी'?"

"न्हाई. तिचं."

मी पुन्हा वाचलं. त्यांना ऐकू जाईल असं, एकेक शब्द सुटा करून वाचलं. हे प्रेम लेखकाजवळ आहे, पुस्तकात आलेलं नाही.

"रॉजर," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

पटलं असं ते म्हणाले नाहीत. मिळालं, एवढंच म्हणाले. जे त्यांना आयुष्यभर आम्ही दिलं नाही, ते त्यांनी मला लगेच दिलं.

अश्विनी जिन्यापर्यंत सोडायला आली. मला वाटलं ती भांडेल, आणि मी त्याची तयारी केली होती. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई हायत्या बाई त्यात. आमास्नी ऐकू येत्यात. तुमास्नीच न्हाई आल्या."

मी जिना उतरून खाली आले.

त्याच आठवड्यात खांबे गेले. चौकट आता तासगावच्या घरात त्यांच्या फोटोशेजारी आहे. येणारा-जाणारा ती वाचतो आणि 'शनिकन्या' मागतो. 'बर्फातली पाळी' कुठेच मिळत नाही. माझ्याजवळची प्रत मी वाचनालयाला दिली, ती अजून कुणी नेलेली नाही.

यंदाही खोकी आली. सुभेदारीणबाईंनी गॅलरीतून विचारलंच, "गोड हायत का?" मी म्हटलं, अजून बघितली नाहीत. सध्या मी वेगळंच वाचते आहे. सकाळी चहा झाला की 'शनिकन्या' घेऊन बसते, आणि अश्विनीला ऐकू येतं ते कुठे आहे ते शोधते. तीनशे पानं ती बाई बोलत असते. मी कान देऊन बसते. अजून तरी मला ऐकू आलेली नाही.